पाण्याला वास कशाचा? नदी आणि शेवाळाबद्दल वाचकांचे प्रश्न

नदीची धार बारीक झाली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत दोन तक्रारी हमखास असतात: पाणी हिरवे झाले आणि पाण्याला वास येतो. बहुतेक पत्रलेखक या दोन्ही गोष्टी एकच धरतात आणि थेट विचारतात, ‘शेवाळ मारायला पाण्यात काय टाकावे?’ उत्तर देण्याआधी हे सांगणे भाग आहे की वास मारणारे प्रत्येक पाणी हिरवे नसते, हिरव्या पाण्याला दरवेळी वास येत नाही, आणि शेवाळ पाण्यातच मारले तर वास अनेकदा वाढतो. निवडक पत्रांना पुढे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या नळाला नदीचे पाणी येते. दिसायला स्वच्छ आहे, पण दोन आठवड्यांपासून ओल्या मातीसारखा वास येतो. गरम पाण्याला तर फारच. हे पाणी पिणे धोक्याचे आहे का?

वर्णनावरून हा वास जिऑस्मिन किंवा एमआयबी (पूर्ण नाव २-मिथाइलआयसोबोर्निऑल) या दोन संयुगांपैकी एकाचा दिसतो. पहिल्या पावसानंतर जमिनीतून जो वास उठतो, त्यातही जिऑस्मिनच असते. ही संयुगे काही नील-हरित शेवाळे तयार करतात, तसेच गाळात आणि मातीत राहणारे ॲक्टिनोमायसीट नावाचे जिवाणूही तयार करतात. त्यामुळे पाणी हिरवे नसतानाही मातकट वास येऊ शकतो.

माणसाचे नाक या वासाबाबत विलक्षण तीक्ष्ण आहे. लिटरमागे सुमारे १० नॅनोग्रॅम जिऑस्मिन असले तरी अनेकांना ते जाणवते. म्हणजे एक ग्रॅम जिऑस्मिन दहा कोटी लिटर पाण्याला वास आणू शकते. पाणी तापले की ते हवेत लवकर उडते, म्हणून अंघोळीच्या वेळी वास भपकन येतो आणि थंडगार पाण्यात जवळजवळ कळत नाही. या प्रमाणात ही संयुगे आरोग्याला घातक नाहीत.

मात्र यावरून पाणी निर्धोक आहे असे ठरत नाही. नील-हरित शेवाळांची जी विषे असतात, उदाहरणार्थ यकृतावर घाव घालणारे मायक्रोसिस्टिन, त्यांना वासच नसतो. वास आला म्हणजे विष आहे असे नाही आणि वास गेला म्हणजे विष गेले असेही नाही. पाणीपुरवठा करणाऱ्यांना ‘वास कसला आहे?’ यापेक्षा ‘कच्च्या पाण्यात नील-हरित शेवाळ मोजले का?’ हे विचारा.

घरात उपाय एकच नीट चालतो: सक्रिय कोळशाचा फिल्टर. वाळूचा फिल्टर, मेणबत्तीसारखी सिरॅमिक कांडी किंवा अतिनील दिवा या वासाला हात लावू शकत नाहीत. कोळशातून पाणी सावकाश जाऊ द्या. धार मोठी ठेवली तर संयुगाला कोळशाला चिकटायला वेळ मिळत नाही. वास पुन्हा येऊ लागला की कोळसा भरला असे समजून कार्ट्रिज बदला. कोळसा पाण्यातले क्लोरीनही काढून घेतो, म्हणून गाळलेले पाणी दिवसेंदिवस साठवू नका आणि रात्रभर फिल्टरमध्ये थांबलेले पाणी सकाळी मिनिटभर वाहू द्या.

प्रश्न : वासावरून कारण ओळखता येते का? घरी काही चाचणी करता येईल?

बऱ्याच अंशी येते. पण आधी वास पाण्याचाच आहे ना, हे पाहा. ग्लासभर पाणी घेऊन मोरीपासून दूर, दुसऱ्या खोलीत जा आणि तिथे वास घ्या. वास नाहीसा झाला तर दोष मोरीच्या जाळीखाली साचलेल्या घाणीचा आहे. फक्त गरम पाण्यालाच सडक्या अंड्यांचा वास येत असेल तर नदीला दोष देऊ नका. साठवण गीझरच्या टाकीत गंज रोखण्यासाठी मॅग्नेशियमची कांडी असते. टाकीतले जिवाणू तिच्या साहाय्याने पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात.

चाचणीसाठी रुंद तोंडाची, झाकणाची काचेची बाटली घ्या. ती वास नसलेल्या पाण्याने धुवा, अर्धी भरा, झाकण लावून बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा आणि आतले पाणी साधारण ४५ अंश सेल्सिअस होऊ द्या. नंतर जोरात हलवा, झाकण उघडा आणि लगेच वास घ्या. हाताला सुगंधी साबण किंवा तेल नको. नाक दोन-तीन वेळांतच सरावते, म्हणून दोघातिघांनी वेगवेगळा वास घेऊन आपले मत आधी कागदावर लिहावे. एकाने ‘मासळीचा’ म्हटले की सगळ्यांना मासळीचाच वास येऊ लागतो!

मातकट किंवा कुबट वासाबद्दल वर सांगितले. ताज्या कापलेल्या गवताचा वास हा शेवाळाची वाढ सुरू असल्याचा, आणि तंबाखूसारखा वास बऱ्याचदा मायक्रोसिस्टिस या नील-हरित शेवाळाचा असतो. मासळीचा किंवा काकडीचा वास सिन्युरा आणि तत्सम सोनेरी शेवाळांकडून येतो, आणि तो थंड पाण्यातही येतो. सडक्या अंड्यांचा वास म्हणजे ऑक्सिजन संपलेला गाळ. औषधी, दवाखान्यासारखा वास आला तर त्यामागे शेवाळ नसून फिनॉल आणि क्लोरीन यांचा संयोग असण्याची शक्यता जास्त. त्याची तक्रार त्याच दिवशी करावी, कारण फिनॉल कारखान्याच्या सांडपाण्यातून आलेले असू शकते.

प्रश्न : बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा थर आला आहे. हे साधे शेवाळ की विषारी? गुरे तिथेच पाणी पितात.

पहिली कसोटी काठीची. हातमोजे घालून लांब काठी थरात फिरवा आणि वर उचला. केसांसारखे, ओल्या सुतासारखे धागे लोंबू लागले तर ते तंतुमय हिरवे शेवाळ आहे. ते त्रासदायक असते, पण सहसा विषारी नसते. काठी रंगात बुडवल्यासारखी नुसतीच माखून निघाली तर नील-हरित शेवाळाचा संशय धरा.

दुसरी कसोटी बरणीची. पारदर्शक बरणी पृष्ठभागाच्या किंचित खालून पाऊण भरा, झाकण लावा आणि रात्रभर थंड जागी, शक्यतो फ्रिजमध्ये, न हलवता ठेवा. सकाळी हिरवा भाग तळाशी बसला असेल तर बहुधा साधे शेवाळ. वर पृष्ठभागाशी कडे धरले असेल तर नील-हरित. या जातींच्या पेशींत हवेचे सूक्ष्म पुटके असतात आणि त्यांच्या जोरावर त्या पाण्यात वर-खाली होतात. काठावर वाळलेला थर निळसर दिसणे हीसुद्धा मोठी खूण आहे. पेशी फुटल्या की फायकोसायनिन हे निळे रंगद्रव्य बाहेर पडते.

या कसोट्यांनी गट कळतो, विष आहे की नाही ते कळत नाही. एकाच जातीचे काही वाण विषारी आणि काही निर्विष असतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते सारखेच दिसतात. म्हणून निकाल येईपर्यंत थर विषारीच धरा. गुरांना दुसरीकडे पाणी पाजा. वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे थर दाट साचतो, तो काठ तर आधी बंद करा. मुलांना पोहू देऊ नका, कारण त्वचेवर पुरळ, डोळ्यांची आग आणि पाणी पोटात गेल्यास उलट्या-जुलाब होतात. पालेभाज्यांवर हे पाणी फवारू नका.

पाणी उकळून विष जात नाही. मायक्रोसिस्टिन उष्णतेला दाद देत नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते, आणि पेशी फुटल्याने आतले विषही पाण्यात उतरते. अमेरिकेतील टोलेडो शहराला एरी सरोवराचे पाणी मिळते. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथल्या चार लाखांहून अधिक रहिवाशांना ‘पाणी पिऊ नका, उकळूही नका’ असा आदेश द्यावा लागला होता. डायलिसिस केंद्रांनी तर फार सावध राहिले पाहिजे. ब्राझीलमधील कारुआरू येथे १९९६ साली अशा पाण्यावर डायलिसिस झालेले ५० हून अधिक रुग्ण दगावले. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिन-एलआर या मायक्रोसिस्टिनच्या एका प्रकाराचे दीर्घकालीन मार्गदर्शक मूल्य लिटरमागे १ मायक्रोग्रॅम ठेवले आहे.

प्रश्न : जलपर्णी म्हणजे शेवाळच ना?

नाही. जलपर्णीला मुळे, पाने, फुले असतात. ती पूर्ण वाढलेली वनस्पती आहे. हिरव्या टिकल्यांसारखी तरंगणारी बारीक पाने म्हणजे डकवीड, तीही वनस्पतीच. दोन्ही वाढतात मात्र त्याच खतावर, ज्यावर शेवाळ वाढते. जलपर्णी उपसून काठावरच टाकली तर ती कुजते आणि खत पुन्हा नदीत उतरते, हे आवर्जून लक्षात ठेवा.

प्रश्न : दुपारी नदी ठीक असते. पहाटे मात्र सडका वास येतो आणि मासे तोंड वर काढताना दिसतात. रात्री कोणी गुपचूप सांडपाणी सोडत असेल का?

शक्य आहे, पण तसे काही न होताही नेमके हेच घडते. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडते, रात्री तेच शेवाळ श्वसनासाठी ऑक्सिजन वापरते. २५ अंशांना स्वच्छ पाणी लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरते, ३० अंशांना ७.६. दाट शेवाळ असलेल्या डोहात दुपारी हे प्रमाण १२ किंवा त्याहूनही वर जाते आणि सूर्योदयाच्या सुमारास २ च्या खाली येते. ३ च्या आसपास आले की बहुतेक मासे धापा टाकू लागतात.

वासाचे वेळापत्रकही इथेच सुटते. तळाच्या गाळात ऑक्सिजन संपला की जिवाणू सल्फेटपासून सल्फाइड बनवतात. गाळ काळा पडतो तो लोहाच्या सल्फाइडमुळे. दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खेचून घेते, त्यामुळे सामू (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, पीएच) ९ किंवा त्याहून वर चढतो. या सामूला सल्फाइड विरघळलेल्या आयनाच्या रूपात राहते आणि त्याला वास नसतो. रात्री श्वसनातून कार्बन डायऑक्साइड परत येतो, सामू ७ कडे उतरतो आणि जवळजवळ निम्मे सल्फाइड वायूरूप धरून हवेत येते. अमोनियाचे बरोबर उलटे: सामू ७ ला विषारी अमोनिया शंभरात एकही नसतो, ९ ला शंभरात सुमारे ३५ असतो. म्हणजे माशांवर दुपारी अमोनियाचा आणि पहाटे ऑक्सिजनच्या तुटवड्याचा असा दुहेरी मार असतो.

सांडपाणी की शेवाळ, हे ठरवायला एकच नमुना कामाचा नाही. त्याच जागी दुपारी ३ वाजता आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी ऑक्सिजन आणि सामू मोजा. दोन्ही आकडे दुपारी चढलेले आणि पहाटे पडलेले असतील तर शेवाळ. दोन्ही वेळा ऑक्सिजन कमीच असेल तर बाहेरून कुजणारा माल येतो आहे.

मीटर नसेल तर विंकलरची पद्धत आजही भरवशाची आहे. ३०० मिलिलीटरची काचबूच बाटली बुडबुडा न राहू देता भरा. मँगनीज सल्फेटचे द्रावण २ मिलिलीटर आणि अल्कलीयुक्त आयोडाइड-अझाइडचे २ मिलिलीटर, पिपेटचे टोक पाण्यात बुडवून सोडा, बूच लावा, उलटसुलट करा. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. साका पांढराच राहिला तर ऑक्सिजन जवळजवळ शून्य. एवढे तर नदीकाठीच, डोळ्यांनी कळते. नंतर २ मिलिलीटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून साका विरघळवा आणि त्यातील सुमारे २०० मिलिलीटर ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने, शेवटी स्टार्च घालून, टायट्रेट करा, म्हणजे निळा रंग जाईपर्यंत ते थेंबथेंब घाला. जितके मिलिलीटर लागले तितके मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन. चूक होते ती बहुतेक नमुना भरताना: बादलीतून ओतून बाटली भरली की हवा मिसळते आणि आकडा खोटा वाढतो. आम्ल आणि अझाइड दोन्ही घातक आहेत. हातमोजे, चष्मा आणि माहीतगार माणूस यांशिवाय ही चाचणी करू नये.

एक इशारा. सडक्या अंड्यांचा वास येणाऱ्या बंद विहिरीत, पंपाच्या खड्ड्यात किंवा चेंबरमध्ये कोणीही उतरू नये. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास थांबल्यासारखा वाटतो. नेमका तेव्हाच जीव धोक्यात असतो.

प्रश्न : आमची छोटी नळयोजना आहे, दिवसाला १ लाख लिटर. पाणी हिरवट येऊ लागल्यापासून आम्ही ब्लीचिंग पावडर दुप्पट केली, तरी वास वाढतोच आहे. नदीत पंपाजवळ मोरचूद टाकावे का?

दोन्ही गोष्टी थांबवा. वास वाढण्याचे कारण बहुधा तुमची दुप्पट ब्लीचिंग पावडरच आहे. जिऑस्मिन आणि विष यांचा मोठा भाग जिवंत पेशीच्या आत असतो. कच्च्या पाण्यात क्लोरीन किंवा मोरचूद टाकले की पेशी फुटते आणि आतले सगळे पाण्यात येते. जे अख्खे गाळून काढता आले असते ते आता विरघळले, आणि विरघळलेले वाळू अडवत नाही. जिऑस्मिनवर क्लोरीनचा परिणाम जवळजवळ होत नाही, वरून शेवाळाच्या सेंद्रिय द्रव्याशी संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखी नको ती संयुगे बनतात. मोरचुदाचा तांबेअंश मृदू पाण्यात माशांना फार कमी प्रमाणातही मारतो आणि गाळात कायमचा साठतो. वाहत्या नदीत तर तो तुमच्या पंपापाशी थांबणारही नाही, खालच्या गावाकडे जाईल.

क्रम असा ठेवा: आधी पेशी अख्ख्या काढायच्या, मग विरघळलेला वास काढायचा आणि क्लोरीन सगळ्यात शेवटी.

पाणी उचलण्याची खोली बदलता आली तर निम्मे काम तिथेच होते. नील-हरित थर पृष्ठभागाशी असतो, तळाशी लोह, मँगनीज आणि सल्फाइड असते. फूट-व्हॉल्व्ह (पंपाच्या शोषण नळीच्या तोंडाची झडप) मधल्या खोलीवर टांगा आणि भोवती तरंगता बांध लावून वरचा थर अडवा.

तुरटीचा डोस अंदाजाने नको. १ टक्का तुरटीचे द्रावण करा (१० ग्रॅम, पाणी घालून १ लिटर). एक-एक लिटर कच्चे पाणी सहा भांड्यांत घेऊन त्यांत १, २, ३, ४, ५ आणि ६ मिलिलीटर घाला. म्हणजे डोस लिटरमागे १० ते ६० मिलिग्रॅम होतो. मिनिटभर जोरात ढवळा, १५ ते २० मिनिटे अगदी हळू ढवळा, अर्धा तास स्थिर ठेवा. सगळ्यात कमी डोसमध्ये निवळ पाणी देणारे भांडे तुमचे. एकदा केले म्हणजे झाले असे नाही, शेवाळाच्या दिवसांत ही चाचणी रोज करावी.

इथे बहुतेक योजना फसतात त्या सामूमुळे. तुरटी सामू ६ ते ७.५ ला चांगले काम करते. शेवाळामुळे दुपारी तो ९ झाला असेल तर गुठळी धरत नाही, ॲल्युमिनियम विरघळून पुढे जाते आणि चालक डोस वाढवत राहतो. शक्य असेल तर सामू उतरलेला असताना, रात्री उशिरा किंवा पहाटे पंप चालवा. गुठळ्या तळाशी न बसता वर येत असतील तर त्यांत अडकलेले शेवाळ उन्हात ऑक्सिजनचे बुडबुडे सोडत असते. टाकीवर सावली करा.

वासासाठी सक्रिय कोळशाची पूड वापरा, लिटरमागे साधारण १० ते ३० मिलिग्रॅम. १५ धरले तर तुमच्या १ लाख लिटरला १.५ किलो. पूड आधी पाण्यात कालवून पातळ राब करा आणि तुरटीच्या आधी मिसळा, किमान ३० मिनिटांचा सहवास मिळाला पाहिजे. क्लोरीनसोबत कधीही घालू नका, दोघे एकमेकांना संपवतात. पुडीची धूळ फुप्फुसात जाते, म्हणून मुखपट्टी लावा. ओला कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषतो, म्हणून साठ्याची बंद खोली उघडून हवा खेळू दिल्याशिवाय आत जाऊ नका.

तळाचा गाळ एक-दोन दिवसांत काढा. आठवडाभर ठेवला तर त्यातल्या पेशी मरून फुटतात आणि सगळे परत पाण्यात येते. फिल्टर उलट धुतल्याचे पाणी पुन्हा टाकीत घेऊ नका. शेवटी क्लोरीन: २ मिलिग्रॅमच्या डोससाठी २०० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे २५ टक्के क्लोरीनची ताजी पावडर असेल तर ८०० ग्रॅम. अर्ध्या तासाने ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरले पाहिजे. उघड्या पोत्यातली जुनी पावडर निम्मीही ताकदीची नसते, हे हिशेबात धरा.

प्रश्न : नदीत कारंजी बसवून शेवाळ जाईल का?

शेवाळ जात नाही. ऑक्सिजन वाढतो, त्यामुळे सल्फाइडचा वास कमी होतो आणि मासे वाचतात, हे खरे आहे. पण कारंजे वरवरचे पाणी उडवते आणि ऑक्सिजन हवा असतो तळाला. तळाशी बारीक छिद्रांच्या नळीतून हवा सोडणे जास्त उपयोगाचे, आणि ती रात्री चालवली पाहिजे. बहुतेक ठिकाणी कारंजी नेमकी दिवसा चालतात. गाळ जाड असेल तर एकदम जोरात हवा सोडू नका, ढवळलेला काळा गाळ उरलासुरला ऑक्सिजनही काही तासांत संपवतो.

प्रश्न : वाहत्या, नितळ पाण्यातले दगडही बुळबुळीत असतात. तेही प्रदूषण का?

तपकिरी, पातळ बुळबुळ बहुधा डायटम्स या सूक्ष्म शेवाळांची असते. ते निरोगी नदीचे लक्षण आहे, कितीतरी जलकीटक त्यावर जगतात. जाड, काळसर-हिरव्या, मखमली साली मात्र नील-हरित असू शकतात. त्या सुटून काठाला लागतात, उबट वास येतो आणि कुत्री त्या आवडीने चघळतात. न्यूझीलंडमध्ये अशा साली खाऊन कुत्री दगावली आहेत. काठाच्या साली कुत्र्यांना आणि लहान मुलांना हाताळू देऊ नका.

प्रश्न : सांडपाणी प्रक्रिया केंद्र सुरू होऊन वर्ष झाले, बीओडीचे आकडे चांगले आहेत, तरी नदी हिरवीच. असे का?

कारण बीओडी म्हणजे कुजणाऱ्या मालाचे मोजमाप, खताचे नाही. साधे जैविक केंद्र सेंद्रिय घाण खाऊन टाकते, पण फॉस्फरसचा मोठा भाग तसाच बाहेर सोडते. शेवाळाला हवा असतो तो हाच.

शेवाळाच्या पेशीत सरासरीने फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे १६ आणि कार्बनचे १०६ अणू असतात. यावरून हिशेब केला तर १ ग्रॅम फॉस्फरसवर सुमारे ११५ ग्रॅम कोरडे शेवाळ उभे राहू शकते, आणि ते मरून पूर्ण कुजताना सुमारे १४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. लिटरमागे ८ मिलिग्रॅम धरला तर हा १७ हजारांहून अधिक लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन झाला. केंद्राने काढलेली घाण फॉस्फरसच्या वाटेने नदीत नव्याने तयार होते ती अशी. वाहत्या नदीत एकूण फॉस्फरस लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या वर असेल तर काळजीचे कारण आहे.

नायट्रोजन कमी करून भागेल का, असेही आपण विचारले आहे. एकट्या नायट्रोजनवर भिस्त नको. अनाबिनासारखी नील-हरित शेवाळे हवेतला नायट्रोजन घेऊ शकतात, फॉस्फरस मात्र हवेतून मिळत नाही. केंद्रात फेरिक क्लोराइड किंवा तुरटीने फॉस्फरस साक्यात बसवता येतो, किंवा ऑक्सिजनविरहित आणि ऑक्सिजनयुक्त टप्पे आलटून पालटून ठेवले तर जिवाणूच तो साठवून घेतात. नदीतला जुना गाळ मात्र काही काळ फॉस्फरस परत देत राहतो, विशेषतः तळाशी ऑक्सिजन संपला की. त्यामुळे केंद्र सुधारल्यावरही पहिले काही हंगाम हिरवे जाऊ शकतात.

प्रवाहाकडेही पाहा. पाण्यात तरंगणाऱ्या शेवाळाला दुप्पट व्हायला एक ते काही दिवस लागतात. त्याआधी पाणी पुढे सरकले तर ते साचत नाही, बंधाऱ्यामागे दोन आठवडे थांबले तर साचतेच.

केंद्राशी बोलण्यापूर्वी तीन नमुने घ्या: केंद्राच्या वरच्या अंगाला, बाहेर पडणाऱ्या पाईपच्या तोंडाशी आणि पाणी पूर्ण मिसळल्यावर खाली. तिन्ही एकाच दिवशी आणि आम्लाने धुतलेल्या बाटल्यांत, कारण फॉस्फेटयुक्त साबणाचा अंश राहिला तर तोच मोजला जातो. प्रयोगशाळेला ‘एकूण फॉस्फरस’ आणि ‘विरघळलेला फॉस्फेट’ असे दोन्ही मागा. दुसऱ्या चाचणीचे पाणी ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून नदीकाठीच गाळा. न गाळता नेले तर वाटेत बाटलीतलेच शेवाळ फॉस्फेट खाऊन टाकते आणि नदी आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसते.